पुस्तक एकाचे, हात अनेकांचे : स्वयंप्रकाशनाच्या ऑनलाइन बाजारात जबाबदारी कोणाची?

चेन्नई : लंडन किंवा न्यूयॉर्क येथून प्रसिद्ध होणारे एखादे वैज्ञानिक नियतकालिक वा विद्यापीठीय ग्रंथ उघडला, तर त्याची अक्षरजुळणी, संहितेची तपासणी आणि पानांची मांडणी चेन्नईत झालेली असण्याची शक्यता बरीच मोठी असते. टीएनक्यू, न्यूजेन, सायंटिफिक पब्लिशिंग सर्व्हिसेस यांसारख्या येथील संस्थांनी गेल्या काही दशकांत परदेशी प्रकाशकांची लाखो पाने तयार केली. पुस्तकावर नाव परदेशी प्रकाशकाचे आणि आत कष्ट चेन्नईतल्या संहितासंपादकाचे, मांडणीकाराचे, मुद्रितशोधकाचे, अशी ही व्यवस्था. इंग्रजीची उत्तम जाण, नियमावलीनुसार काटेकोर काम करण्याची सवय आणि तुलनेने कमी खर्च यांमुळे ती या शहरात रुजली.

आता हेच कौशल्य सुटे होऊन बाजारात आले आहे. त्याचा ग्राहक एखादी मोठी प्रकाशनसंस्था असेलच असे नाही. अनेकदा तो स्वतःचे पुस्तक स्वतःच काढू पाहणारा एकटा लेखक असतो, आणि त्याची संपादकाशी किंवा मुखपृष्ठकाराशी गाठ संगणकाच्या पडद्यावर पडते. ही गाठ घालून देणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांनी पुस्तक काढणे पूर्वीपेक्षा सोपे केले, याबद्दल दुमत नाही. मात्र पुस्तक काढणे सोपे झाले, तरी प्रकाशकाचे काम संपत नाही. ते केवळ लेखकाच्या शिरावर येते. ही अदलाबदल ध्यानात न घेता या बाजारात उतरणाऱ्याचे पैसे तर जातातच, कधीकधी हक्कही जातात.

या बाजारपेठेची रचना साधी आहे. लेखक आपल्या पुस्तकाचा विषय, शब्दसंख्या, हवे असलेले काम आणि मुदत नोंदवतो. त्या कामाचे जाणकार आपापला दर सांगतात. लेखक त्यांचे आधीचे काम, इतरांनी दिलेले अभिप्राय आणि दर पाहून एकाची निवड करतो. पैसे बहुधा मंचाकडे जमा होतात आणि काम टप्प्याटप्प्याने पूर्ण होईल तसे व्यावसायिकाला मिळतात. या मध्यस्थीबद्दल मंच आपला वाटा कापून घेतो.

हा वाटा प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. २०१० मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालेल्या आणि आरंभी प्रत्येक काम पाच डॉलरला देऊ करणाऱ्या ‘फायवर’वर काम करणाऱ्याच्या मोबदल्यातून २० टक्के रक्कम कापली जाते. ‘ईलान्स’ आणि ‘ओडेस्क’ या दोन जुन्या मंचांच्या विलीनीकरणातून आलेल्या आणि २०१५ पासून ‘अपवर्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंचावर कामासाठी अर्ज करायचा, तर व्यावसायिकाला ‘कनेक्ट्स’ नावाचे टोकन खर्चावे लागतात. लंडनमध्ये २०१४ साली स्थापन झालेली ‘रीडसी’ केवळ पुस्तकांपुरते काम करते. तेथे कोणालाही दुकान थाटता येत नाही; व्यावसायिकाचा अनुभव पाहून प्रवेश दिला जातो आणि लेखकाला एका वेळी पाच जणांपर्यंत विचारणा करता येते. तिची मध्यस्थी लेखक आणि व्यावसायिक अशा दोहोंकडून वसूल होते. कोणी कितीही वाटा घेवो, मंच स्वतःला प्रकाशक म्हणवत नाही. पुस्तक वाईट निघाले, विकले गेले नाही, त्यात चुका राहिल्या, तर त्याचे उत्तरदायित्व त्याच्याकडे नसते.

चेन्नईतील लेखकापुढे आणखी एक वाट असते. नवीन वलसकुमार, भार्गव अडेपल्ली आणि जना पिल्लै यांनी २०१२ मध्ये या शहरात ‘नोशन प्रेस’ सुरू केली. मागणी येईल तशी एकेक प्रत छापण्याच्या तंत्रावर ती उभी राहिली. लेखकाने संकेतस्थळावरील साधने वापरून स्वतःच पुस्तक रचले, तर ते विनामूल्य प्रसिद्ध करण्याची सोय तेथे आहे. संपादन, मुखपृष्ठ, प्रसिद्धी यांसाठी साहाय्य हवे असेल, तर ते पैसे मोजून मिळते. बंगळुरूच्या ‘पोथी डॉट कॉम’ने २००८ मध्येच अशा छपाईची वाट भारतीय लेखकांना दाखवली होती. पुढे बड्या प्रकाशकांनाही या व्यवसायाचा मोह पडला. पेंग्विनने २०१२ मध्ये अमेरिकेतील ‘ऑथर सोल्यूशन्स’ ही कंपनी विकत घेतली आणि २०१३ मध्ये भारतात ‘पार्ट्रिज’ हा स्वयंप्रकाशनाचा उपक्रम आणला. याच ‘ऑथर सोल्यूशन्स’विरुद्ध त्या वर्षी अमेरिकेतील काही लेखकांनी न्यायालयात दावा दाखल केला होता आणि २०१६ च्या सुरुवातीला पेंग्विन रँडम हाऊसने ती कंपनी विकून टाकली.

सर्व सेवांचे एकत्रित पॅकेज आणि सुट्या व्यावसायिकांचा बाजार यांतील फरक घर बांधण्याच्या उदाहरणाने समजून घेता येईल. पॅकेज म्हणजे ठेकेदाराला एकरकमी काम देणे. बाजारपेठ म्हणजे गवंडी, सुतार, रंगारी स्वतः शोधून आणणे. दुसऱ्या मार्गाने पैसे वाचू शकतात आणि मनाजोगता कारागीर मिळू शकतो. मात्र भिंत आधी की वायरिंग आधी, हे घरमालकाला ठाऊक असावे लागते.

पदरमोडीची जुनी परंपरा

लेखकाने पदरमोड करून पुस्तक काढणे ही काही इंटरनेटची देणगी नव्हे. तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती यांनी १९०८ मध्ये आपला देशभक्तिपर गीतांचा संग्रह स्वतःच प्रसिद्ध केला होता. १९२० मध्ये त्यांनी आपले समग्र लेखन चाळीस पुस्तकांत छापण्याची योजना आखली आणि भांडवलासाठी परिचितांना व चाहत्यांना पत्रे लिहिली. पैसे जमले नाहीत. पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या कवितांना छापायला पैसे मिळाले नाहीत, त्यांचे हक्क १९४९ मध्ये मद्रास सरकारने घेतले आणि पुढे सार्वजनिक केले. मुंबईत १९७६ मध्ये अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाऊस’ काढून आपले इंग्रजी कवितासंग्रह आपणच प्रसिद्ध केले. कोलटकर जाहिरात क्षेत्रातील नामवंत कलादिग्दर्शक. त्यामुळे मुखपृष्ठकार शोधायला त्यांना घराबाहेर जावे लागले नाही. अशी सोय किती लेखकांकडे असते?

इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकांपुरते बोलायचे, तर स्वयंप्रकाशनातून मुख्य प्रवाहात जाणारी पायवाट चेन्नईवरूनच गेली, असे म्हणायला जागा आहे. अश्विन सांघी यांनी २००७ मध्ये ‘द रोझाबाल लाइन’ ही कादंबरी टोपणनावाने ‘लुलू’ या परदेशी मंचावर काढली. पुढच्या वर्षी ती ‘वेस्टलँड’ने प्रकाशित केली. अमीश त्रिपाठी यांच्या ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ला प्रकाशकांचे नकार मिळाल्यावर २०१० मध्ये ती त्यांच्या साहित्यिक एजंटच्या साहाय्याने बाहेर आली आणि खप दिसू लागताच ‘वेस्टलँड’कडे गेली. सावी शर्मा यांची २०१५ मधील स्वयंप्रकाशित कादंबरीही त्याच घरी पोहोचली. ‘वेस्टलँड’चा कारभार त्या काळात चेन्नईतून चाले. कालांतराने ती अ‍ॅमेझॉनच्या मालकीची झाली, २०२२ च्या आरंभी तिने कामकाज थांबवण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी ‘प्रतिलिपी’ने तिची धुरा घेतली.

ही नावे स्वयंप्रकाशनाच्या प्रत्येक जाहिरातवजा भाषणात येतात. अमीश आणि सांघी हे दोघेही व्यवस्थापनशास्त्र शिकलेले आणि पुस्तकाच्या प्रसिद्धीकडे व्यवसाय म्हणून पाहणारे होते, ही बाब मात्र सहसा सांगितली जात नाही.

हिशेब कुठे बिघडतो

एक उदाहरण घेऊ. समजा, चेन्नईत नोकरीनिमित्त आयुष्य गेलेल्या एका निवृत्त मराठी अधिकाऱ्याने दोनशे पानांचे आत्मकथन लिहिले. मंचावरून संपादक, मुखपृष्ठकार आणि मांडणीकार मिळवण्यासाठी त्यांना एकूण ४५ हजार रुपये लागले. पुस्तकाची किंमत ३०० रुपये ठेवली. एकेक प्रत छापण्याचा खर्च ११० रुपये आणि विक्रेत्याचा वाटा १०० रुपये धरला, तर लेखकाच्या हाती प्रतीमागे ९० रुपये उरतात. म्हणजे केवळ गुंतवणूक वसूल होण्यासाठी ५०० प्रती विकाव्या लागतील. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात ते पुस्तकागणिक बदलतात. पण मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षे लागतात, आणि तीही नामांकित प्रकाशक, ग्रंथालयांची खरेदी व प्रदर्शने पाठीशी असताना, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पाचशेचा आकडा लहान वाटणार नाही.

त्यातच सेवांवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर अनेकदा अंदाजपत्रकात धरलेला नसतो. छापील पुस्तकावर हा कर नाही, म्हणून ते तयार करण्याच्या सेवांवरही नसेल, असा समज होतो. नोंदणीकृत व्यावसायिक किंवा कंपनी मात्र तो आकारतेच. परदेशी मंचावर डॉलरमध्ये पैसे भरले, तर चलनबदलाचा भार वेगळा.

पारंपरिक व्यवस्थेत हा सारा हिशेब प्रकाशकाचा असे. भांडवल त्याचे, धोका त्याचा, म्हणून लेखकाला मिळणारे मानधन थोडे. आणि धोका त्याचा असल्यामुळेच त्याला ‘नाही’ म्हणण्याचे कारण होते. हस्तलिखित परत करणाऱ्या प्रकाशकावर लेखक रागावत, ते स्वाभाविकच. तरीही त्या नकारात एक फुकटचा सल्ला असे. ऑनलाइन बाजारात नकार देण्यात कोणाचेच हित नाही. संपादकाला काम हवे असते आणि मंचाला वाटा. ‘हे पुस्तक अजून तयार झालेले नाही, सहा महिने थांबा’ असे सांगणारा माणूस या साखळीतून गळून पडला आहे. एखादा सचोटीचा संपादक ते सांगतो आणि काम गमावतो.

संपादन म्हणजे काय, यावरच पहिला गैरसमज होतो. लेखक ‘एडिटिंग’ मागतो; त्याच्या मनात पुस्तक उत्तम व्हावे एवढीच इच्छा असते. समोरचा मात्र नेमके एकच काम करणार असतो. आशय आणि रचना तपासून कोणते प्रकरण गाळावे, कथानक कुठे सैल पडले हे सांगणे हे एक काम. वाक्यावाक्याची घडण सुधारणे हे दुसरे. व्याकरण, लेखनातील एकवाक्यता, नावे, तारखा, संदर्भ जुळवणे हे संहितासंपादन. पाने लागल्यानंतर अखेरच्या चुका वेचणे हे मुद्रितशोधन. चारही कामांना लागणारा वेळ आणि दर निरनिराळे असतात. मुद्रितशोधनाचे पैसे देऊन आशयसंपादनाची अपेक्षा धरणारा लेखक शेवटी निराश होतो आणि एक तारा देतो. आपले काम नीट करूनही व्यावसायिकाचे नाव खराब होते. पुस्तकातील हजार-दोन हजार शब्द आधी नमुन्यादाखल संपादित करून घेण्याची पद्धत यासाठीच पडली आहे. आलेल्या दरपत्रकांपेक्षा तो नमुना बरेच काही सांगून जातो.

पैसे दिले, म्हणजे मालकी आली?

या व्यवहारातील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हक्कांचा आहे. मुखपृष्ठाचे पैसे दिले म्हणजे मुखपृष्ठ आपले झाले, असे बहुतेक लेखक गृहीत धरतात. कायदा इतका सरळ नाही.

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार कृतीचा निर्माता हा सर्वसाधारणपणे तिचा पहिला मालक असतो. नोकरीत असताना केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जाते. पण सुटे काम करणारा व्यावसायिक लेखकाचा नोकर नसतो. मोबदला देऊन करवून घेतलेल्या छायाचित्राची, रंगचित्राची किंवा व्यक्तिचित्राची पहिली मालकी, विरुद्ध करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जाते, असा अपवाद कलम १७ मध्ये आहे. संगणकावर अक्षरे, रंग आणि विकत घेतलेली चित्रे जुळवून केलेले आजचे मुखपृष्ठ या वर्णनात नेमके बसते का, यावर वाद होऊ शकतो. दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या मजकुराला तर हा अपवाद लागूच होत नाही. आत्मकथन ज्याचे आहे त्याने केवळ आठवणी सांगितल्या आणि वाक्ये दुसऱ्याने लिहिली, तर त्या वाक्यांचा पहिला हक्क लिहिणाऱ्याचा ठरू शकतो.

मग उपाय काय? हक्क लेखी करून घेणे. हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी असल्याशिवाय ते वैध ठरत नाही, असे कलम १९ सांगते. येथे आणखी एक खाच आहे आणि अनेक अनुभवी लेखकही तीत अडखळतात. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर हक्क केवळ भारतापुरता समजला जातो. ‘सर्व हक्क लेखकाला दिले आहेत’ एवढ्या एका ओळीवर विसंबलेल्या लेखकाच्या मुखपृष्ठाचा हक्क सहाव्या वर्षी पुन्हा चित्रकाराकडे गेलेला असू शकतो. पुस्तक तोवर चालू लागले असेल, त्याचा परदेशात अनुवाद निघणार असेल किंवा त्यावर मालिका येणार असेल, तर हा तपशील महाग पडतो. मंचाच्या सेवाशर्तींमध्ये हक्कांविषयी कलमे असतात, पण ती बहुधा मंच ज्या देशातला आहे तेथील कायद्याच्या भाषेत लिहिलेली असतात. मुदत, प्रदेश, छापील, ई-पुस्तक व श्राव्य आवृत्त्या यांचा स्पष्ट उल्लेख असलेला एक पानाचा स्वतंत्र करार त्याहून उपयोगी पडतो.

चित्रकाराच्या बाजूनेही हाच नियम महत्त्वाचा आहे. पाचशे प्रतींच्या पुस्तकासाठी ठरवलेल्या दरात त्याने जन्मभराचे आणि जगभराचे हक्क देऊन टाकावेत, अशी अपेक्षा धरणे न्याय्य नाही. हक्क जेवढे मोठे, तेवढा मोबदला मोठा, ही बोलणी आधीच व्हायला हवी. मांडणीच्या मूळ फाइलचेही तसेच आहे. अनेकदा लेखकाला केवळ अंतिम पीडीएफ मिळते. दोन वर्षांनी एक चूक दुरुस्त करायची म्हटले, तर मूळ फाइल ज्याच्याकडे तो सापडत नाही किंवा नव्याने पैसे मागतो. ती देणे बंधनकारक आहे की नाही, हे पुन्हा करारावर अवलंबून.

आयएसबीएनबद्दलही असाच घोळ आहे. पुस्तकाची ओळख पटवणारा हा तेरा अंकी क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील या संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, लेखकही स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. असे असताना सेवांच्या यादीत ‘आयएसबीएन मिळवून देणे’ ही बाब पैसे लावून मांडलेली आढळते. अर्ज भरून देण्याच्या श्रमाचे पैसे घेणे गैर नाही. क्रमांकच विकत मिळतो असे भासवणे गैर आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो क्रमांक ज्याच्या नावे घेतला, तोच नोंदीत प्रकाशक ठरतो. कंपनीने दिलेला क्रमांक घेऊन पुढे दुसरीकडे पुस्तक न्यायचे, तर नव्या आवृत्तीसाठी नवा क्रमांक घ्यावा लागतो.

पडद्याच्या पलीकडचे

व्यावसायिकांची बाजू पाहिल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. चेन्नईतील प्रकाशनसेवा कंपन्यांत वर्षानुवर्षे काम केलेला संहितासंपादक घरी बसून अमेरिकेतील कादंबरीकाराचे काम घेऊ शकतो. रुपयांत मोजले तर तो मोबदला स्थानिक दरांपेक्षा चांगला असू शकतो. घर-संसार सांभाळून काम करू पाहणाऱ्या, शहराबाहेर राहणाऱ्या किंवा नोकरी गमावलेल्या अनेकांसाठी ही सोय मोलाची आहे. पण सुरुवात करणाऱ्याची कोंडी ठरलेली असते. अभिप्राय नाहीत म्हणून काम मिळत नाही आणि काम नाही म्हणून अभिप्राय मिळत नाहीत. मग तो दर पाडून काम घेतो. त्या पडलेल्या दराची तुलना पुढच्याच्या दराशी होते.

परिणामी एक विचित्र स्थिती निर्माण होते. इंग्रजीवर प्रभुत्व असलेला चेन्नईतील उत्तम संपादक डॉलरमध्ये कमावतो, आणि त्याच गल्लीत राहणाऱ्या तमिळ लेखकाला त्याचा दर परवडत नाही. परवडला तरी तो तमिळ संपादनाचे काम करत असेलच असे नाही.

अशा कामगारांच्या संरक्षणाचा विचार कायद्यात झालेला आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग कामगार’ आणि ‘मंच कामगार’ यांच्या व्याख्या आहेत. मध्यस्थ मंचांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. मंचांच्या परिशिष्टात टॅक्सी आणि खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या सेवांबरोबर व्यावसायिक सेवा आणि आशय व माध्यम सेवा यांचाही समावेश आहे. परंतु चर्चा बहुतेक वेळा दुचाकीवरून डबे पोहोचवणाऱ्यांपाशीच थांबते. घरात बसून परदेशी मंचासाठी पाने तपासणारी व्यक्ती कोणाच्या नजरेस पडत नाही.

लेखकाच्या संरक्षणासाठी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे, असे ते सांगतात. भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे सेवा देऊ करणाऱ्या परदेशी मंचांनाही ते लागू आहेत. अडचण अशी की, पुस्तक विक्रीसाठी काढणारा लेखक ‘ग्राहक’ मानायचा की व्यावसायिक हेतूने सेवा घेणारा, यावर वाद उपस्थित केला जाऊ शकतो. टप्प्याटप्प्याने पैसे देणे हे या सर्व तरतुदींपेक्षा अधिक भरवशाचे संरक्षण ठरते.

अलीकडे आणखी एक गुंता वाढला आहे. माणसाच्या कामाचे पैसे घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काम उरकले जात आहे का, हे ओळखणे कठीण झाले आहे. अ‍ॅमेझॉनच्या ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’ने सप्टेंबर २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर, चित्रे वा अनुवाद असल्यास ते आपल्याला कळवण्याचे बंधन लेखकावर घातले. कळवायचे लेखकाने, काम कसे झाले हे ठाऊक चित्रकाराला. तेव्हा करारात हाही प्रश्न विचारून ठेवणे भाग आहे.

मराठीचे दुकान कुठे?

मराठी लेखकाच्या दृष्टीने मूळ अडचण वेगळीच आहे. या जागतिक बाजारपेठा प्रामुख्याने इंग्रजी पुस्तकांभोवती उभ्या राहिल्या. ‘मराठी’ असा शोध घेतला की अनुवादक सापडतात, ध्वनिमुद्रणासाठी आवाज देणारे सापडतात, टंकलेखन करणारे तर भरपूर सापडतात. कादंबरी वाचून तिच्या मध्यावर बोट ठेवणारा मराठी संपादक मात्र क्वचितच आढळतो. मराठीत हे काम मौज प्रकाशनाच्या श्री. पु. भागवतांसारख्या किंवा राम पटवर्धनांसारख्या संपादकांनी प्रकाशनगृहात बसून, लेखकाशी दीर्घ पत्रव्यवहार करत केले. त्याचा तासाचा दर कधी ठरलाच नव्हता. बाजारात एखाद्या कामाला किंमत नसेल, तर ते करणारे बाजारात येणार कसे?

मुद्रितशोधनाची गोष्ट थोडी निराळी. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी चार १९७२ मध्ये शासनमान्य झाले. ते हाताशी असलेले आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक नजरेतून न सुटणारे मुद्रितशोधक आजही पुण्या-मुंबईत आहेत. परंतु ते मंचावर नसतात. ओळखीतून, छापखान्यातून, अक्षरजुळणी करणाऱ्याकडून सापडतात. चेन्नई, इंदूर किंवा बडोद्यातील मराठी लेखकाला या ओळखी नसतात आणि खरे तर त्यालाच मंचाची गरज अधिक असते.

तंत्राचा अडथळाही आहेच. मराठीतील कितीतरी अक्षरजुळणी अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये होते. छापील पानावर ती सुरेख दिसते; पण तीच फाइल ई-पुस्तकासाठी रूपांतरित केली की जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, अवतरणचिन्हांच्या जागी अनोळखी खुणा उमटतात. २०१६ च्या अखेरीस अ‍ॅमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके उपलब्ध करून दिल्यानंतर ही गैरसोय अनेकांच्या ध्यानात आली. देवनागरी न वाचू शकणाऱ्या मांडणीकाराकडे मराठी पुस्तक सोपवले, तर ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हेही त्याला कळणार नाही. दर कितीही आकर्षक असो, ‘मजकूर युनिकोडमध्येच हवा आणि मांडणीकाराला मराठी वाचता यावे’ या दोन अटी मराठी लेखकाने आधी घालाव्यात.

यात एक गमतीचा योगायोग आहे. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी काही तमिळ प्रदेशातच निघाली. तंजावरचे सरफोजीराजे भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालवला आणि इसापनीतीतील कथांचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून घेतले. तेथे लेखक, पंडित आणि मुद्रक यांना एकत्र आणून खर्च सोसणारा राजा होता. आज चेन्नईच्या सर्व्हरवर चढवलेले मराठी पुस्तक मागणी आल्यावर छापून साताऱ्याला किंवा नागपूरला पोहोचते, खर्च लेखकाचा.

वर उल्लेख केलेल्या निवृत्त अधिकाऱ्याचे पुस्तक अखेर छापून आले असे धरू. संपादकाचा शेवटचा हप्ता चुकता झाला, मुखपृष्ठाचा करार फाइलमध्ये लागला, मंचावरील खिडकी बंद झाली. तरी एक काम उरते आणि ते कोणत्याही पॅकेजच्या यादीत सहसा नसते. ‘पुस्तके व वृत्तपत्रे वितरण (सार्वजनिक ग्रंथालये) कायदा, १९५४’ नुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत त्याची एक प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत अन्य तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यांपैकी एक मुंबईत आहे, एक दिल्लीत आणि एक चेन्नईतच, एग्मोरच्या १८९६ मध्ये सुरू झालेल्या कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालयात. त्या प्रती कोणी पाठवायच्या, हे पुस्तकाच्या श्रेयनामावलीच्या पानावर ‘प्रकाशक’ या शब्दापुढे कोणाचे नाव छापले आहे, त्यावरून ठरते. या पुस्तकात ते नाव लेखकाचे आहे.